पडद्याआडची जुळवणी

गेल्या वर्षी चेन्नईतल्या एका इम्प्रोव्ह प्रयोगावर मी एक छोटे परीक्षण लिहिले होते. प्रयोग बरा झाला होता, प्रेक्षक हसले होते, मीही हसले होते. सहा नटांपैकी एकाबद्दल मात्र मी लिहिले की हा मुलगा सतत अर्धा क्षण मागे राहतो आणि त्यामुळे प्रवेश लंगडतो. ते वाक्य मी आज मागे घेते आहे. ते का, हे सांगायचे तर प्रयोगाच्या आधीच्या पाऊण तासात जावे लागेल. तो मुलगा रंगमंचावर येण्याआधीच, वॉर्म-अपच्या गोलात मागे पडला होता. आणि परीक्षण लिहिणारे आम्ही तो गोल कधी पाहतच नाही.

इम्प्रोव्ह म्हणजे संहितेशिवायचे नाटक. प्रेक्षकांकडून एखादा शब्द, जागा किंवा नाते मागून घ्यायचे आणि त्यावर तिथल्या तिथे प्रवेश रचायचा. संवाद पाठ करायचे नसतात, हालचाली बसवायच्या नसतात. मग तालीम कशाची करायची, तर एकमेकांची. गटाने गोलात उभे राहून खेळायचे खेळ हीच या नाटकाची बरीचशी तालीम असते. लिखित नाटकाच्या परीक्षणात आपण संहितेची चर्चा करतो. इम्प्रोव्हमध्ये संहितेची जागा या खेळांनी घेतलेली असते, आणि त्यांच्याबद्दल मराठीत, तमिळमध्ये किंवा इंग्रजीत समीक्षक म्हणून आपण जवळजवळ काहीच बोलत नाही.

परीक्षण छापून आल्यावर त्या गटाच्या दिग्दर्शिकेचा फोन आला. ती रागावलेली नव्हती. ‘‘एकदा आधी या, प्रयोग नंतर बघा,’’ एवढेच म्हणाली. म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी मी बेझंट नगरमधल्या त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत गेले. चेन्नईच्या मे महिन्यात अंग गरम करण्यासाठी कुणाला काही करावे लागेल, ही कल्पनाच गमतीची. चटया गुंडाळून भिंतीशी लावलेल्या, चपला दाराबाहेर, आणि आठ जण अनवाणी गोल करून उभे.

पहिला खेळ टाळीचा होता. शेजाऱ्याकडे वळायचे, दोघांनी एकाच क्षणी टाळी वाजवायची, मग त्याने पुढच्याकडे वळायचे. सांगायला सोपे. पण दोन माणसांची टाळी एक ऐकू यायची असेल तर समोरच्याचे डोळे आणि खांदे पाहावे लागतात, त्याचा श्वास कधी वर येतो ते ओळखावे लागते. पहिल्या फेरीत टाळ्या फुटक्या येत होत्या. चौथ्या फेरीत डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटले असते की एकच माणूस खोलीभर फिरत टाळ्या वाजवतो आहे. मग काल्पनिक चेंडू आला. आवाज करून तो फेकायचा आणि पकडणाऱ्याने तोच आवाज करून झेलायचा. मग आरसा: समोरासमोर उभे राहून एकाने हलायचे, दुसऱ्याने प्रतिबिंब व्हायचे, आणि हळूहळू कोण हलवतो आणि कोण हलतो हेच कळेनासे व्हायचे.

ज्याच्याबद्दल मी ते वाक्य लिहिले होते तो मुलगा या तिन्ही खेळांत सगळ्यांत चांगला होता. टाळी त्याच्यापाशी कधी फुटली नाही. आरशात त्याच्यासमोर उभी असलेली मुलगी शेवटी हसून म्हणाली की आता मला माझा हात कुठला ते कळत नाही. मग भाषेचे खेळ सुरू झाले, इंग्रजीतून. एकाने शब्द द्यायचा, पुढच्याने त्यावरून सुचेल तो शब्द लगेच बोलायचा. दोन फेऱ्यांत तो अडखळायला लागला. ‘‘डोन्ट थिंक!’’ दिग्दर्शिका प्रेमाने ओरडत होती. तो विचार करतच नव्हता. त्याला शब्द तमिळमध्ये लगेच सुचत होता, आणि तो बोलण्याआधी त्याला तो इंग्रजीच्या दारातून आत आणावा लागत होता. माझ्या परीक्षणातला अर्धा क्षण हाच. तो मी नटाच्या खात्यावर लिहिला होता.

मराठीत वॉर्म-अपला चांगला शब्द नाही. व्यायामशाळेत अंग मोकळे करतात, पण आठ जणांचा गट मिळून जे करतो त्याला ते पुरत नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडे मात्र नेमका शब्द आहे: जुळवणे. तबला जुळवतात, तंबोरे जुळवतात. जुळवण्यात तापण्याचा संबंध नाही. कुणाशी तरी जुळवावे लागते, आणि एका वाद्याने एकट्याने चांगले वाजून ते साधत नाही.

नाट्यशास्त्राचा पाचवा अध्याय पूर्वरंगाचा आहे. मराठी वाचकाला त्यातली नांदी ओळखीची असते, पण नांदी बरीच नंतर येते. तिच्या आधी नऊ अंगे आहेत आणि ती पडद्याआड होतात: प्रत्याहार, अवतरण, आरंभ, आश्रावणा, वक्त्रपाणि, परिघट्टना, संघोटना, मार्गासारित आणि आसारित. वाद्ये मांडणे, गाणाऱ्यांनी आपापल्या जागी बसणे, गळा लावून पाहणे, तारा आणि चामडी जुळवणे, मग ती एकत्र वाजवून पाहणे, तालाच्या मात्रा पक्क्या करणे असा तो क्रम आहे. एकेकट्यापासून एकत्रापर्यंतचा हा प्रवास शास्त्रकाराने नावे देऊन नोंदवला, म्हणजे त्याच्या लेखी प्रयोग तिथेच सुरू झालेला होता. पडद्याबाहेरच्या अंगांत पुढे त्रिगत येते. सूत्रधार आणि त्याचा सोबती बोलत असताना विदूषक मध्येच घुसतो आणि असंबद्ध बोलून सूत्रधाराला हसवतो. नाटक सुरू होण्याआधी, नाटकाचा भाग नसलेले, पण प्रेक्षकाचा कान तयार करणारे बोलणे. इम्प्रोव्हवाल्यांनी हे प्रकरण वाचले तर त्यांना शेजारी भेटल्यासारखे वाटेल.

अंग तापवणारा खेळ आणि गट जुळवणारा खेळ हा फरक मला त्या खोलीत दिसला. टाळीचा, चेंडूचा आणि आरशाचा खेळ गट जुळवत होते. शब्दांचा खेळ एकेकट्याला तापवत होता. ज्यांची इंग्रजी चटपटीत होती ते तापले, आणि जो जुळला होता तो सुटला.

यात एक ऐतिहासिक विसंगती आहे. आज जगभर खेळले जाणारे यातले बरेच खेळ व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंकडून आले. शिकागोत नीवा बॉइड यांच्या हाताखाली त्या खेळ शिकल्या, आणि पुढे तिथल्या स्थलांतरितांच्या वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी स्वतःचे खेळ रचले. घरात वेगवेगळ्या भाषा बोलणारी ती मुले एकत्र नाटक करू शकावीत, हा त्या खेळांमागचा एक हेतू होता. १९६३ साली त्यांचे ‘इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर’ आले. त्याआधी, १९५९ साली, त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी साथीदारांसह ‘सेकंड सिटी’ सुरू केले आणि ते खेळ व्यावसायिक विनोदाच्या रंगमंचावर पोचले. तिथे वेगाला आणि शब्दाला भाव आला. भाषा अडू नये म्हणून रचलेले खेळ, भाषा ज्याची तोच पुढे जाईल अशा रूपात आपल्यापर्यंत आले.

दुसरे मोठे नाव कीथ जॉन्स्टन यांचे. त्यांचे ‘इम्प्रो’ १९७९ सालचे. त्यांचा आग्रह असा की नटाने चतुर होऊ नये, जे उघड सुचते तेच करावे. वेगळे करायला गेलेला माणूस इतरांसारखाच होतो. मला हे पटते. पण उघड काय सुचते, हे माणूस कुठल्या भाषेत वाढला त्यावर अवलंबून असते. ‘भाकरी’ या शब्दावर मला तवा सुचतो, ठेचा सुचतो. ‘ब्रेड’वर मला काहीच उघड सुचत नाही, फक्त ‘बटर’ सुचते, कारण ते पाठ्यपुस्तकातून आले आहे. परक्या भाषेत उघड सुचणारे बहुतेकदा पाठ केलेले असते. ‘विचार करू नकोस’ हा उपदेश तिथे नेमका उलटा फळतो. न विचार करता तोंडातून घासून गुळगुळीत झालेले वाक्य बाहेर पडते.

त्या दुपारी शेवटचा खेळ एकेका शब्दाच्या गोष्टीचा होता. गोलातल्या प्रत्येकाने एकच शब्द घालायचा आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. इंग्रजीत हा खेळ कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. नाव आले की दुसऱ्या-तिसऱ्या माणसाला क्रियापद द्यावेच लागते. तिथे गोष्टीची दिशा ठरते आणि पुढचे लोक सामान भरतात. त्या मुलाच्या वाट्याला बहुधा सामानच येत होते: ‘द’, ‘इन’, ‘व्हेरी’.

हा खेळ मी मराठीत खेळून पाहिला होता. मागच्या गणेशोत्सवात आम्ही काही मराठी मंडळी नाटुकल्यासाठी जमलो होतो. पुण्याहून बदलीवर आलेले दोघे, इथेच वाढलेले चौघे, आणि तंजावरी मराठी बोलणाऱ्या एक बाई. पहिल्याने म्हटले, ‘राजूने’. त्या एका ‘ने’ने सगळ्यांना बांधून टाकले. आता राजूने काहीतरी केलेले तरी असणार, नाहीतर त्याने काय करावे हे आपण सांगणार. गोष्ट एक तर भूतकाळात गेली, नाहीतर उपदेशात. दुसरीने म्हटले, ‘भाकरी’. लगेच क्रियापदाचे लिंग ठरले. राजू राहिला बाजूला, शेवटचे क्रियापद आता भाकरीच्या ऐकण्यात. पुढच्या फेरीत कुणी ‘राजूला’ म्हटले, तर राजू काही करणार नाही हे कळले. त्याला भूक लागेल, आठवण येईल, कुणीतरी काही देईल. एका प्रत्ययाने माणसाचे नशीब बदलते, हे मी व्याकरणाच्या पुस्तकात कधी शिकले नव्हते. तंजावरच्या बाई शेवटच्या होत्या. आम्ही सगळे ‘खाल्ली’वर थांबलो होतो. त्यांनी शांतपणे ‘नाही’ म्हटले आणि सहा जणांनी रचलेली भाकरी ताटातच राहिली.

आपल्या भाषेत वाक्याचा निकाल शेवटी लागतो. तमिळमध्येही तसेच. ‘वंदान’ म्हटले की तो आला, ‘वंदाळ’ म्हटले की ती आली, आणि ‘वरलै’ म्हटले की कुणीच आले नाही. तोपर्यंत सगळ्यांनी ऐकत थांबायचे. इंग्रजीतला खेळ धावण्याचा आहे. आपल्या भाषांत तोच खेळ थांबण्याचा होतो, आणि शेवटच्या माणसाच्या हाती सर्वांत मोठी सत्ता देतो. इम्प्रोव्हचा पहिला नियम असतो, समोरच्याचे म्हणणे मान्य करा आणि पुढे न्या: ‘हो, आणि’. ज्या भाषेत ‘नाही’ वाक्याच्या शेपटात दडून बसते, तिथे या नियमाचा अर्थ नव्याने लावावा लागेल. त्या बाईंनी ‘नाही’ म्हटले तेव्हा गोष्ट मोडली नाही. राजूने भाकरी का खाल्ली नाही, ही खरी गोष्ट तिथून सुरू झाली.

हे मी दिग्दर्शिकेला सांगितले. ती म्हणाली, ‘‘मग तमिळमध्ये करून बघू.’’ आठातल्या दोघींना तमिळ जेमतेम येत होते. त्या पहिल्यांदाच अर्धा क्षण मागे राहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मला ओळखीचा वाटला. त्या मुलाची पाळी आली तेव्हा मात्र खोली बदलली. तो उत्तर चेन्नईतल्या व्यासर्पाडीचा. तिकडे मर्तिकाच्या घरी रात्री गाना गातात. गेलेल्या माणसाचे नाव, त्याचे काम, त्याच्या खोड्या त्यात तिथल्या तिथे गुंफल्या जातात. हे ऐकत वाढलेल्या माणसाला उत्स्फूर्तपणा शिकवायला कुणी लागत नाही. तो शब्द असा ठेवत होता की पुढच्याला सोपे जावे. नंतर जिन्यात मी त्याला त्याबद्दल विचारले, तर म्हणाला, ‘‘अक्का, गान्यात पुढचा अडकला तर घरचे लोक बघत असतात. त्याला अडकू द्यायचे नाही.’’

‘हो, आणि’ची यापेक्षा चांगली व्याख्या मी वाचलेली नाही. आणि ती आपल्याकडे इतरत्रही आहे. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. मूल ‘हं’ म्हणायचे थांबले की आजी गोष्ट थांबवते. तमिळमध्ये याला ‘उम् कोट्टुदल’ म्हणतात. पोवाड्यात झीलकरी ‘जी जी’ म्हणून शाहिराला श्वास घेऊ देतो. तेरुक्कूत्तूत नटाच्या ओळी मागचे साथीदार उचलतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा सूत्रधार पदे म्हणत असे आणि पात्रे बरेचसे संवाद उत्स्फूर्तपणे बोलत. आपली रंगभूमी उत्स्फूर्त बोलण्यातून उभी राहिली, आणि त्या बोलण्याला मागून आधार देणारे कुणीतरी नेहमी होते.

चेन्नईला हे नवे नाही. १९७७ साली ना. मुत्तुस्वामी यांनी इथे ‘कूत्तुप्पट्टरै’ सुरू केली आणि तेरुक्कूत्तूच्या आधारावर आधुनिक नटाचे शरीर व आवाज घडवायचे काम अनेक वर्षे चालवले. १९८० साली बादल सरकारांनी चोळमंडल कलाग्रामात कार्यशाळा घेतली. बंगालीतला नाटककार आणि तमिळ नट यांच्यामध्ये उभे राहिले ते गटाचे व्यायाम. अजून मागे जायचे तर तंजावरचे शहाजीराजे आहेत. १६८४ ते १७१२ या त्यांच्या राज्यकाळातले ‘पंचभाषाविलास’ हे नाटक संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत बोलते. एका गोलात अनेक भाषा ही या प्रदेशाची अडचण कधी नव्हती. आजच्या इंग्रजी इम्प्रोव्हला ती अडचण वाटते, कारण खेळ आयात करताना त्यांच्यासोबत एक भाषाही आयात झाली.

म्हणून परके खेळ टाकून आपले खेळ घ्या, असे मी म्हणणार नाही. आपल्या खेळांबद्दल फार हळवे होण्याचे कारण नाही. ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र’ या खेळात म्हैस उडवणारा हसे होऊन बाद होतो. ‘शिवाजी म्हणतो’मध्येही चुकला तो बाद. शेवटी एकटा उरतो तो जिंकतो. गट बांधायला यासारखा वाईट खेळ नाही. उलट त्या खोलीत कुणी चुकले की सगळे हात वर करून ओरडत आणि चुकणारा वाकून नमस्कार करी. चुकीची भीती घालवण्याची ही रीत इम्प्रोव्हवाल्यांनी रुजवली आहे, आणि आपल्या बालनाट्य शिबिरांनी ती खुशाल उचलावी. खेळ कुठून आला हे मला महत्त्वाचे वाटत नाही. तो कुणाला गोलात ठेवतो आणि कुणाला कडेला ढकलतो, एवढे पाहायला हवे.

निघण्याआधी त्यांनी वीसपर्यंत मोजायचा खेळ घेतला आणि मलाही उभे केले. डोळे मिटून, क्रम न ठरवता, एकेकाने एकेक आकडा म्हणायचा. दोघे एकदम बोलले की पुन्हा एकपासून. इंग्रजीत आम्ही अकराच्या पुढे जात नव्हतो. मग दिग्दर्शिका म्हणाली, ज्याला जी भाषा हवी ती. ‘ओन्नु’, ‘टू’, ‘मूनु’, ‘चार’, ‘अंजु’. मी ‘सहा’ म्हटले. तो शब्द तिथे कुणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. थोडी शांतता झाली. मग त्या मुलाचा आवाज आला, ‘एळु’. शब्द कळला नाही तरी आकडा होऊन गेला हे त्याला कळले होते. परका शब्द कानावर आल्यावर प्रत्येकाला मनातल्या मनात मोजावे लागत होते आणि बाहेर नीट ऐकावेही लागत होते. आम्ही सतरापर्यंत पोचलो. वीस झाले नाहीत.

संध्याकाळचा प्रयोग अचानक थोर झाला, असे नाही. बहुतेक प्रवेश इंग्रजीत झाले, दोन पडले. एका प्रवेशात सासरा इंग्रजीत बोलत राहिला आणि त्या मुलाने जावई म्हणून तमिळमध्ये उत्तरे दिली. सासऱ्याला थांबून ऐकावे लागत होते, त्यामुळे तो पहिल्यांदाच सासरा वाटला. प्रेक्षक हसले ते भाषांच्या गमतीला नाही, एका घरातल्या दोन माणसांना.

या गटाला आणि शहरातल्या इतर गटांना माझे सांगणे एवढेच, की प्रयोगाआधीच्या गोलात निदान एक खेळ असा असू द्या ज्यात तुमच्यातल्या सर्वांत चटपटीत माणसाला थांबावे लागेल. आणि परीक्षण लिहिणाऱ्यांनी, म्हणजे मी आधी, शक्य असेल तेव्हा पाऊण तास लवकर जावे, चपला बाहेर काढून भिंतीशी बसावे. माझ्या जुन्या परीक्षणात त्या मुलाचे नाव होते. इथे ते देत नाही, कारण एकदा दिलेले पुरे झाले. चूक दुरुस्त करणारे पत्र मी त्या दैनिकाकडे वेगळे पाठवले आहे.